डोंगरांचा राजा हान्स श्टुक : घाट चढायला गाडीला नेमकं काय लागतं?

भंडारा जिल्ह्यात बसून मी घाटातल्या मोटार शर्यतींवर लिहितोय म्हटल्यावर काही वाचकांना हसू येईल. आपल्याकडे वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधेमधे तलाव आणि रस्ता बहुतेक सपाट. खरा घाट बघायचा तर चिखलदरा नाहीतर पचमढी गाठावी लागते. पण याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे ट्रक-बसचे गिअरबॉक्स तयार होतात. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची खुली खाण आहे. खुल्या खाणीतून भरलेला डंपर वर काढायचा म्हणजे खालचा गिअर टाकून घुरघुरत चढ चढणं आलंच. म्हणजे चढ, वजन आणि गिअर यांच्या हिशोबावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

हा हिशोब समजावून सांगायला मी नेहमी एका माणसाचं आयुष्य वापरतो. हान्स श्टुक त्याचं नाव. युरोपात लोक त्याला डोंगरांचा राजा म्हणायचे. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर अर्थ होतो अडकलेला. गंमत म्हणजे चढावर सगळ्यात कमी अडकणारा ड्रायव्हर म्हणून त्याची ख्याती होती.

हिल क्लाइंब म्हणजे काय?

नेहमीच्या शर्यतीत वीसेक गाड्या एकदम सुटतात आणि गोल ट्रॅकवर फेऱ्या मारतात. हिल क्लाइंबमध्ये असं काही नसतं. डोंगराच्या पायथ्याला एक गाडी उभी राहते, इशारा होतो, ती वर जाते. मग दुसरी. कोणाला ओव्हरटेक करायचं नाही, कोणाला अडवायचं नाही. समोर फक्त रस्ता आणि घड्याळ. ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला.

हा प्रकार जवळपास मोटारगाडीइतकाच जुना आहे. जानेवारी १८९७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसहून ला तुर्बीच्या डोंगरावर गाड्या चढवल्या गेल्या. ती चढाई आंद्रे मिशलँ यांनी जिंकली, तेच टायरवाले. आणि त्यांची गाडी वाफेवर चालणारी होती! त्या काळात गाडी विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, ही चढ चढेल का? इंजिनं कमजोर होती, चढावर गाड्या बंद पडायच्या. त्यामुळे डोंगर ही कंपन्यांसाठी आयतीच परीक्षा होती. जाहिरातीत काहीही छापा, चढावर गाडीचं खरंखोटं दिसायचंच.

प्रेक्षकांसाठीही सोय उत्तम. डोंगराच्या उतारावर बसलं की खाली दोन-तीन वळणं एकदम दिसतात. आणि भाग घ्यायला फार मोठा संघ लागत नाही. एक गाडी, एक ड्रायव्हर, मदतीला एखादा मेकॅनिक. म्हणूनच आपल्या खिशातून खर्च करणारे हौशी लोक या खेळात कायम राहिले.

दुधाच्या गाडीपासून सुरुवात

श्टुकचा जन्म २७ डिसेंबर १९०० चा, वॉर्सा शहरातला. वाढला जर्मनीत. पहिलं महायुद्ध संपल्यावर तो शेती करू लागला. पहिलं लग्न झाल्यावर, १९२२ च्या सुमारास, रोज पहाटे शेतावरचं दूध गाडीत घालून म्युनिकला पोचवायचं हे त्याचं काम. दूध वेळेवर गेलं पाहिजे, सांडता कामा नये, आणि रस्ते खडीचे, ओलसर, वळणांचे. ड्रायव्हिंगची याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. गाडीला हिसका न देता वेग ठेवायचा, ही सवय तिथेच लागली असणार, असं मला वाटतं.

१९२३ मध्ये बाडेन-बाडेनची चढाई त्याने जिंकली आणि दूधवाल्या शेतकऱ्याचा शर्यतवाला झाला. पुढे ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीची गाडी घेऊन तो आधी स्वतःच्या जिवावर आणि १९२७ पासून कंपनीचा अधिकृत ड्रायव्हर म्हणून उतरू लागला.

चढावर गाडीचं काय होतं?

इथे थोडं गणित करू, अवघड नाही.

समजा चढ १० टक्क्यांचा आहे. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की गाडी १० मीटर उंच जाते. अशा चढावर १००० किलोची गाडी उभी केली तर पृथ्वी तिला साधारण १०० किलो वजनाच्या जोराने मागे ओढत असते. आता हीच गाडी ताशी १०० किमी वेगाने वर न्यायची असेल, तर निव्वळ उंची गाठायलाच सुमारे ३७ अश्वशक्ती खर्च होते. हवेचा अडथळा, टायरचं घर्षण, वेग वाढवणं हे सगळं त्यावर वेगळं. वजन दुप्पट केलं तर हा खर्चही दुप्पट. म्हणून चढावर नुसती अश्वशक्ती बघायची नाही. दर किलोमागे किती अश्वशक्ती आहे, ते बघायचं.

दुसरी गोष्ट पकड. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी ती ताकद रस्त्यावर उतरते ती टायरच्या तळहाताएवढ्या भागातून. पकड सुटली की चाक जागेवर फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. पावसाळ्यात चिखलात ट्रॅक्टरचं चाक फिरताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. चढावर आणि वेग वाढवताना गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. त्यामुळे मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर थोडा फायदा मिळतो.

तिसरी गोष्ट गिअर. नागमोडी वळणावर गाडी अगदी हळू होते आणि बाहेर पडताना लगेच पूर्ण जोर लागतो. चुकीच्या गिअरमध्ये वळणातून बाहेर आलात तर इंजिन मरतं. सपाटीवर हे नुकसान पुढे भरून काढता येतं, चढावर नाही. त्या काळी सिंक्रोमेश नव्हतं. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. आपल्याकडचे जुने ट्रक ड्रायव्हर यालाच डबल क्लच म्हणतात. श्टुकला ते प्रत्येक वळणावर करावं लागे, आणि तेही एका हाताने स्टिअरिंग सांभाळत.

चौथी गोष्ट हवा. जितकं वर जावं तितकी हवा विरळ. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. यावरचा तेव्हाचा उपाय म्हणजे सुपरचार्जर, म्हणजे इंजिनावरच चालणारा पंखा किंवा पंप, जो जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो.

४२.८ सेकंद

इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श नावाचा चढ आहे. लांबी फक्त ९१४ मीटर, म्हणजे किलोमीटरही नाही. सरासरी दर नऊ मीटरला एक मीटर चढ. १९०५ पासून तिथे शर्यती होतात, आणि आजही त्याच रस्त्यावर.

जुलै १९३० मध्ये श्टुक ऑस्ट्रो-डाइमलर घेऊन तिथे गेला आणि ४२.८ सेकंदांत वर पोचला. नवा विक्रम झाला. हिशोब करा, उभ्या गाडीपासून सुरुवात करून, चढावर, वळणं घेत सरासरी वेग ताशी ७७ किमी. त्याच वर्षी डोंगरी शर्यतींची युरोपियन स्पर्धा पहिल्यांदा झाली. रेसिंग कारच्या गटात श्टुक विजेता ठरला आणि स्पोर्ट्स कारच्या गटात मर्सिडीजचा रुडॉल्फ काराच्योला.

४३ सेकंदांच्या खेळात दुसरी संधी नसते. गोल ट्रॅकवर एखादं वळण चुकलं तर पुढच्या फेरीत सुधारता येतं. इथे एक वळण चुकलं की दिवस गेला. या खेळाचं खरं आकर्षण मला यात दिसतं.

पोर्शेची सोळा सिलिंडरची गाडी

ऑस्ट्रो-डाइमलरने १९३१ मध्ये शर्यती सोडल्या. श्टुक काही काळ मर्सिडीज चालवत राहिला. मग फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियन कंपनीसाठी एक वेगळीच गाडी आखली. आजची ऑडी ही त्याच ऑटो युनियनची वारसदार.

तोपर्यंत रेसिंग कारचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. पोर्शेंनी १६ सिलिंडरचं अवाढव्य इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलं आणि पेट्रोलची टाकी दोघांच्या मधोमध. यामुळे दोन गोष्टी साधल्या. ओढणाऱ्या मागच्या चाकांवर भरपूर वजन आलं, म्हणजे चढावर पकड मिळाली. आणि पेट्रोल कमी होत गेलं तरी गाडीचा तोल बदलला नाही. आज फॉर्म्युला वनच्या गाड्यांचं इंजिनही ड्रायव्हरच्या मागेच असतं.

पण एक अडचण होती. ड्रायव्हर पार पुढे, जवळजवळ पुढच्या चाकांवर बसायचा. मागचा भाग घसरू लागला तर ते त्याला उशिरा कळायचं. शिवाय मागच्या चाकांची जोडणी अशी होती की वळणावर चाकाचा कोन बदलायचा आणि गाडीचं शेपूट एकदम बाहेर फेकलं जायचं. भलेभले ड्रायव्हर या गाडीला घाबरले. श्टुकला मात्र ती मानवली. खडीच्या डोंगरी रस्त्यांवर घसरणारी गाडी अॅक्सिलरेटरने सांभाळण्यात त्याची दहा वर्षं गेली होती.

मार्च १९३४ मध्ये त्याने बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर या गाडीने तासाला सरासरी २१७ किमीचा विक्रम केला. त्याच वर्षी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि चेकोस्लोव्हाकिया या तीन देशांच्या ग्रां प्री जिंकल्या, पुढच्या वर्षी इटलीची. म्हणजे डोंगरावर शिकलेला माणूस ट्रॅकवरही कमी पडला नाही. पण त्याचं मन डोंगरातच. फ्रायबुर्गजवळचा १२ किमीचा शाउइन्सलांडचा घाट तर तो वर्षानुवर्षं चढत राहिला.

ताकद वाढली, पकड पुरली नाही

१९३६ पर्यंत ऑटो युनियनचं इंजिन ६ लिटरचं झालं. ताकद ५२० अश्वशक्ती, टॉर्क सुमारे ८५० न्यूटन-मीटर. टायर मात्र आजच्या मानाने अरुंद. कोरड्या रस्त्यावरही वेग चांगला असताना जोरात पाय दिला तर मागची चाकं फिरायची. उपाय म्हणून डोंगरी शर्यतीसाठी मागे दोन-दोन टायरची जोडी लावली जाऊ लागली, आपल्या ट्रकला असते तशीच. रस्त्याला टेकणारं रबर वाढलं.

त्याच वर्षी श्टुक ही गाडी घेऊन पुन्हा शेल्सली वॉल्शला गेला. आणि पाऊस पडला. अरुंद, ओला, छोटासा रस्ता, आणि त्यावर ५२० अश्वशक्तीचं धूड. चाकं नुसती फिरत राहिली. सहा वर्षांपूर्वी कमी ताकदीच्या गाडीने ४२.८ सेकंद लावणारा हाच माणूस या वेळी स्वतःच्या जुन्या वेळेच्या जवळही पोचला नाही.

गाडीची पत्रकं वाचून अश्वशक्तीवर भाळणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगतो. ताकद आणि पकड यांच्यात जे कमी असेल, तेवढंच तुमच्या हाती येतं. पावसाने पकड काढून घेतली तर उरलेली अश्वशक्ती फक्त आवाज करते.

सत्तेची सावली

श्टुकची गोष्ट सांगताना हा भाग गाळून चालणार नाही. ऑटो युनियन आणि मर्सिडीजच्या रेसिंगला हिटलरच्या सरकारचा पैसा मिळत होता. जर्मन गाड्या जिंकल्या की त्यांचा प्रचार व्हायचा. श्टुकची हिटलरशी ओळख १९२५ पासूनची, शिकारीच्या निमित्ताने झालेली. १९३३ नंतर या ओळखीचा त्याला उपयोग झाला, आणि त्याने तो करून घेतला.

दुसरीकडे त्याची दुसरी बायको पाउला फॉन रेझ्निचेक, स्वतः नावाजलेली टेनिसपटू आणि पत्रकार, हिचे आजोबा ज्यू होते. त्यावरून श्टुकच्या विरोधात उघड घोषणा झाल्या. वरच्या ओळखीमुळे तो आणि पाउला वाचले. ज्यांना अशी ओळख नव्हती त्यांचं काय झालं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. जी राजवट आपल्याच घरच्या माणसाच्या रक्ताचा हिशोब मांडते, तिच्यासाठी तो शर्यती जिंकत राहिला. त्याचं कौशल्य खरं होतं आणि हेही खरं होतं. मी दोन्ही सांगतो, वाचकांनी आपापलं ठरवावं.

१९३६ आणि १९३७ ही वर्षं त्याला वाईट गेली. अपघात झाले, मोठे विजय आले नाहीत आणि संघातली त्याची जागाही गेली. १९३८ मध्ये त्याला परत घेतलं गेलं. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता आणि ऑगस्टमध्ये जर्मनीची डोंगरी ग्रां प्री ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्यावर ठेवली गेली. हा रस्ता १९३५ मध्येच खुला झालेला. त्याची सगळ्यात उंच खिंड २५०४ मीटरवर आहे. शर्यतीचा टप्पा साडेबारा किलोमीटरच्या आसपास, चढ सरासरी दहा टक्के. आपण वर केलेलं गणित पुन्हा आठवा. श्टुकने ती शर्यत जिंकली आणि डोंगरी विजेतेपद पुन्हा मिळवलं.

यानंतर तो एका वेगळ्याच गाडीसाठी तयारी करत होता. मर्सिडीजची टी-८०, विमानाच्या ४४.५ लिटर इंजिनाची, पोर्शेंनीच आखलेली, जमिनीवरचा वेगाचा विक्रम मोडण्यासाठी. युद्ध सुरू झालं आणि ती गाडी कधी धावलीच नाही. आता ती स्टुटगार्टच्या संग्रहालयात उभी आहे.

सातशे सीसी

युद्धानंतर जर्मन ड्रायव्हरांवर आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंदी होती. श्टुकने ऑस्ट्रियाचं नागरिकत्व घेतलं आणि पुन्हा उतरला. वय पन्नाशीकडे झुकलेलं. एएफएम नावाच्या छोट्या कंपनीची गाडी चालवली, पोर्शेची स्पायडर चालवली, मोठं यश फारसं आलं नाही. १९५७ पासून तो बीएमडब्ल्यूबरोबर होता.

१९५९ हे बीएमडब्ल्यूचं सगळ्यात वाईट वर्ष. कंपनी डाइमलर-बेंझला विकली जाता जाता वाचली. तिला पायावर उभं करण्यात ज्या गाडीचा मोठा वाटा होता ती म्हणजे बीएमडब्ल्यू ७००. मोटरसायकलच्या इंजिनावरून बनवलेलं ६९७ सीसीचं दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन, तेही मागे बसवलेलं. विक्रीच्या साध्या गाडीत ताकद फक्त ३० अश्वशक्ती. शर्यतीसाठी ती वाढवायचे, तरी ५२० च्या पुढे ती काहीच नाही.

हीच छोटी गाडी घेऊन श्टुकने १९६० मध्ये जर्मनीचं हिल क्लाइंब विजेतेपद जिंकलं. साठीला टेकलेला माणूस आणि आपल्या अल्टोपेक्षाही लहान इंजिन! अर्थात तो आता सोळा सिलिंडरच्या राक्षसांशी भिडत नव्हता. पण तत्त्व तेच होतं. गाडी हलकी, इंजिन मागे, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन. आणि स्टिअरिंगवर असा माणूस, जो वळणात वेग वाया घालवत नाही, कारण पुढे भरून काढायला ताकदच नाही. मोठ्या इंजिनात चुका झाकल्या जातात, छोट्या इंजिनात त्या लगेच दिसतात. मला १९३४ च्या तीन ग्रां प्रीपेक्षा १९६० चं हे विजेतेपद मोठं वाटतं.

यानंतर त्याने शर्यती सोडल्या. मुलगा हान्स-योआखिम १९५१ चा. त्याला नुर्बुर्गरिंगच्या अवघड ट्रॅकवर वडिलांनीच तयार केलं. हा मुलगा फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि १९८६ व १९८७ ला पोर्शे गाडीतून ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघात होता. हान्स श्टुक फेब्रुवारी १९७८ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी ग्राइनाउ इथे वारला.

आज हा हिशोब कुठे आलाय?

अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर १९१६ पासून हिल क्लाइंब होतो. लांबी सुमारे २० किमी, १५६ वळणं, शेवट ४३०० मीटरवर. तिथल्या विरळ हवेत साधं पेट्रोल इंजिन आपली तिसरा हिस्सा ताकद गमावून बसतं. २०१८ मध्ये रोमँ द्युमाने फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक गाडी ७ मिनिटं ५७ सेकंदांत वर नेली आणि आठ मिनिटांच्या आत चढणारा तो पहिला ठरला. मोटरला हवा लागत नाही, त्यामुळे शिखरावरही तिची ताकद पायथ्याइतकीच राहते. पूर्ण टॉर्क शून्य वेगापासून मिळतो, गिअर बदलायचे नाहीत आणि चाकं किती फिरू द्यायची हे संगणक सेकंदात शेकडो वेळा तपासतो. हवा आणि गिअर या दोन अडचणी मिटल्या. वजन आणि पकड राहिल्याच. बॅटरी जड असते, म्हणून त्या गाडीत चढ पूर्ण होईल जेमतेम तेवढीच बॅटरी ठेवली होती.

शेल्सली वॉल्शचा तो ९१४ मीटरचा चढ आता २३ सेकंदांच्या आत चढला जातो. टायर रुंद झाले, गाड्या हलक्या झाल्या, हवेचा दाब वापरून गाडी रस्त्यावर दाबून धरता येऊ लागली.

म्हणून गाडी घेताना कोणी मला अश्वशक्तीचा आकडा सांगितला की मी तीन प्रश्न विचारतो. वजन किती? टायर कसले? आणि भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये किती आरपीएमला जोर देते? चिखलदऱ्याला पाच माणसं आणि सामान घेऊन जायचं असेल, तर याच तीन उत्तरांवर प्रवास अवलंबून असतो. शंका असेल तर जुन्या ट्रक ड्रायव्हरला विचारा. श्टुकचं नाव त्याने ऐकलेलं नसेल, पण हा हिशोब तो तुम्हाला तोंडपाठ सांगेल.